विश्लेषण : बँकेतही ‘डिपॉझिट’, घरमालकाकडेही ‘डिपॉझिट’… पण पैसे परत मिळण्याची हमी कुठे?

पेणमध्ये बँकेत पैसे ठेवले तर ते ‘डिपॉझिट’, उलव्यात भाड्याने घर घेतले तर मालकाला द्यायचे तेही ‘डिपॉझिट’, अलिबागजवळ प्लॉट बुक करताना दिलेले ‘डिपॉझिट’ आणि निवडणुकीत जप्त होते तेही ‘डिपॉझिट’च. बोलताना शब्द एकच असला तरी कायद्याच्या नजरेत या चार रकमा चार वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती परत मिळते, कोणती बुडू शकते, कोणत्या रकमेला विमा आहे आणि कोणती जप्त होऊ शकते, हे त्यावरच ठरते. पेण अर्बन आणि कर्नाळा या दोन सहकारी बँकांचा अनुभव घेतलेल्या रायगड जिल्ह्यात हा फरक समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

एका शब्दाला मराठीत किती शब्द?

इंग्रजीतील या एका शब्दासाठी मराठीत किमान पाच शब्द रूढ आहेत. व्याजासाठी बँकेत ठेवतो ती ‘ठेव’. करार पाळला जाईल याची खात्री म्हणून देतो आणि परत घ्यायची असते ती ‘अनामत’. हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. सौदा पक्का करण्यासाठी देतो तो ‘इसार’, तर सरकारी निविदेसोबत भरायची ती ‘बयाणा रक्कम’. खात्यात किंवा न्यायालयात पैसे टाकणे म्हणजे ‘भरणा’ किंवा ‘जमा’. धरमतर खाडीत अंबा आणि पाताळगंगा नद्या आणून टाकतात त्या गाळालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि भूगर्भातील खनिजाच्या साठ्यालाही. मराठीने हे अर्थ वेगवेगळे ठेवले होते. रोजच्या बोलण्यात सरसकट ‘डिपॉझिट’ आले आणि ठेव, अनामत, इसार यांतील सीमारेषा पुसट झाली. व्यवहार फिसकटल्यावर मात्र नेमकी हीच रेषा शोधावी लागते.

बँकेत ठेवलेल्या पैशांचा मालक कोण?

‘माझे पैसे बँकेत आहेत’ असे आपण म्हणतो. कायद्याने ते तितकेसे खरे नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ नुसार कर्जवाटप किंवा गुंतवणूक करण्यासाठी लोकांकडून परतफेडीच्या बोलीवर ठेवी घेणे म्हणजे बँकिंग. म्हणजे ठेव देताच त्या नोटा बँकेच्या होतात आणि ठेवीदार बँकेचा धनको, बँक ऋणको ठरते. ठेव हे प्रत्यक्षात आपण बँकेला दिलेले कर्ज असते. बँकेने ते पैसे पुढे कोणाला दिले आणि ते वसूल होतात का, यावर आपली परतफेड अवलंबून असते.

बँकेतील लॉकरलाही इंग्रजीत ‘सेफ डिपॉझिट’ म्हणतात, पण तेथील दागिने आपलेच राहतात. बँक फक्त जागा भाड्याने देते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. वर्षाला दोन हजार रुपये भाडे असेल, तर ही मर्यादा दोन लाख रुपये झाली; आत दहा लाखांचे सोने असले तरी.

पेण अर्बनच्या ठेवीदारांचे काय झाले?

पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बनावट कर्जखाती उघडून पैसा बाहेर काढला गेला आणि त्यातून जमिनी घेतल्या गेल्या, असे चौकशीतून पुढे आले. संचालकांवर गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. लाखाहून अधिक ठेवीदारांचे शेकडो कोटी रुपये अडकले. त्यांत निवृत्तीची पुंजी ठेवणारे होते, तसेच छोटे दुकानदार आणि गणेशमूर्तींचे कारखानदारही होते.

ठेवींना विमा तेव्हाही होता, मग तो लगेच का मिळाला नाही? त्या वेळच्या कायद्यानुसार बँक अवसायनात निघाली किंवा तिचे विलीनीकरण झाले तरच विम्याची रक्कम देता येत असे. बँक फक्त निर्बंधांखाली असेल, तर ठेवीदार मधल्या मध्ये लटकत. खाते चालू, पण पैसे काढता येत नाहीत. बँक बंद नाही, म्हणून विमाही नाही. शिवाय विम्याची मर्यादा होती एक लाख रुपये आणि ती १९९३ पासून बदललेलीच नव्हती.

कर्नाळा बँकेच्या वेळी काय बदलले होते?

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची संपूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळेल, असे त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले. पेण आणि कर्नाळा यांच्यामधल्या काळात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेचे प्रकरण घडले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्यानंतरच्या ओरडीमुळे ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १ सप्टेंबर २०२१ पासून, निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली.

पण ९५ टक्के या आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. उरलेले पाच टक्के म्हणजे पाच लाखांहून अधिक रक्कम ठेवणारे. पनवेल, उरण, पेण पट्ट्यात जमिनीच्या मोबदल्याचे पंधरा-वीस लाख एकाच बँकेत ठेवणारे कुटुंब नेमके याच गटात मोडते. त्यांना पाच लाखांवरच्या रकमेसाठी बँकेची मालमत्ता विकली जाण्याची वाट पाहावी लागते.

विमा कशाला आहे, कशाला नाही?

देशात ठेव विमा १९६२ मध्ये सुरू झाला. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर त्याची गरज पटली होती. तेव्हाचे संरक्षण १,५०० रुपयांचे होते. आजचे पाच लाख रुपये हे एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याजाची मिळून मर्यादा आहे. पेण, अलिबाग आणि रोहा अशा तीन शाखांमध्ये पैसे वाटून ठेवले, तरी बँक एकच असल्याने बेरीज एकत्रच होते. बँक वेगळी असेल तर मर्यादा वेगळी. पती-पत्नीच्या संयुक्त खात्याची मर्यादा त्यांच्या वैयक्तिक खात्यांपेक्षा स्वतंत्र धरली जाते. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही.

यात सर्वाधिक गल्लत होते ती पतसंस्थांबाबत. सहकारी बँकेला हा विमा आहे, सहकारी पतसंस्थेला नाही. दोन्हीकडे काउंटर, पासबुक आणि पिग्मी एजंट सारखाच असतो, पावतीवरही ‘मुदत ठेव’ असेच लिहिलेले असते. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नव्हे, तर सहकार खात्याचे नियंत्रण असते. काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ हा शब्द वापरतात आणि नाममात्र सभासद करून लोकांकडून ठेवी घेतात, त्यांना परवाना नाही आणि विमाही नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. टपाल खात्यातील ठेवींनाही हा विमा नाही, मात्र त्यामागे केंद्र सरकार उभे असते.

सर्वोच्च न्यायालयाने ‘ठेव’ शब्दाचा अर्थ कसा लावला?

बँकेबाहेरच्या ठेवींसाठी राज्यात १९९९ चा ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायदा आहे. ‘एमपीआयडी’ या नावाने तो ओळखला जातो. त्याखाली संस्थेची आणि संबंधितांची मालमत्ता जप्त करता येते. त्यासाठी घेतलेली रक्कम ‘ठेव’ आहे हे मात्र ठरावे लागते. हाच वाद नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात उभा राहिला. २०१३ मध्ये हा बाजार ठप्प झाला आणि सुमारे १३ हजार जणांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. आम्ही फक्त व्यवहाराचे व्यासपीठ होतो, ठेवी घेतल्याच नाहीत, असा बचाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये तो मान्य करून जप्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी हा निर्णय फिरवला. या कायद्यातील ‘ठेव’ची व्याख्या व्यापक आहे, पैसे किंवा मौल्यवान माल घेऊन तो पैशांच्या, मालाच्या वा सेवेच्या रूपात परत करायचा असेल तर ती ठेवच, त्यावर व्याज कबूल केलेले असो वा नसो, असा या निकालाचा मथितार्थ.

या व्यापक व्याख्येलाही कुंपण आहे. नेहमीच्या धंद्यात घेतलेली सुरक्षा अनामत, इसार किंवा मालाच्या मागणीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे ‘दामदुप्पट’ योजनेत दिलेल्या पैशांसाठी हा कायदा वापरता येतो, पण दुकानदाराला दिलेल्या ॲडव्हान्ससाठी ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरतो.

घराचे डिपॉझिट आणि प्लॉटचा इसार कुठे बसतो?

भाड्याच्या घराचे डिपॉझिट म्हणजे अनामत. त्याला विमा नाही. ते परत मिळणे कराराच्या कागदावर अवलंबून असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘हेवी डिपॉझिट’ पद्धतीत लाखो रुपये देऊन भाडे जवळपास माफ होते. भाडेकरूच्या दृष्टीने ते घरमालकाला दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्जच असते. अशा रकमेत भाडे दडलेले असते हे सरकारही जाणते. म्हणूनच मुद्रांक शुल्काचा हिशेब करताना परतावा असलेल्या डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के दराने व्याज धरले जाते.

सौद्याचा इसार याहून वेगळा. खरेदीदाराने माघार घेतली तर तो जप्त होऊ शकतो, पण करारात तशी स्पष्ट अट असावी लागते. केवळ किमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम आणि इसार यांत न्यायालये फरक करतात. फ्लॅटसाठी रेरा कायद्याचे कलम १३ लक्षात ठेवण्याजोगे आहे. विक्रीचा नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

मोबदला ‘जमा’ केला म्हणजे दिला का?

भूसंपादन वर्षानुवर्षे अनुभवणाऱ्या रायगडमध्ये हा प्रश्न जिव्हाळ्याचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ (२) मध्ये, जुन्या कायद्याखाली निवाडा होऊन पाच वर्षे उलटली आणि मोबदला ‘दिला’ नसेल, तर संपादन रद्दबातल होईल, अशी तरतूद आहे. शेतकऱ्याने पैसे घ्यायला नकार दिला आणि सरकारने ते तिजोरीत भरले, तर ते ‘दिले’ का? पुणे महापालिकेच्या प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. रक्कम न्यायालयात जमा करणे आवश्यक मानले. मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा अर्थ बदलला. मोबदला देऊ केला आणि शेतकऱ्याने तो नाकारला, तर न्यायालयात जमा केला नाही एवढ्यावरून संपादन रद्द होत नाही, असे पीठाने ठरवले. शिवाय मोबदला न देणे आणि ताबा न घेणे, या दोन्ही गोष्टी घडल्या असतील तरच संपादन रद्द होईल, असेही स्पष्ट केले. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचा निकाल लागतो तो असा.

वीज आणि निवडणुकीच्या अनामतीचे काय?

वीज कंपनीकडे भरलेली सुरक्षा ठेव ही ग्राहकाचीच रक्कम. वीज कायदा, २००३ च्या कलम ४७ नुसार त्यावर किमान बँक दराने व्याज द्यावे लागते. जोडणी बंद केल्यावर थकबाकी वजा करून ती परत मागता येते. मूळ पावती जपून ठेवली तर काम सोपे होते.

निवडणुकीतील अनामत लोकसभेसाठी २५ हजार, तर विधानसभेसाठी १० हजार रुपये आहे; अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. पहिल्या निवडणुकीच्या वेळी ही रक्कम ५०० आणि २५० रुपये होती. हौशी उमेदवारांना आळा बसावा हा हेतू. मात्र रक्कम कमी असल्याने मतपत्रिका लांबतच राहिली.

पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

पावतीवर रकमेसमोर कोणता शब्द लिहिला आहे, हे आधी वाचावे. ‘ठेव’ असेल तर संस्था बँक आहे की पतसंस्था, याची खात्री करावी. विमा असलेल्या बँकांची यादी ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर असते. एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांची मर्यादा ओलांडत असेल, तर रक्कम दुसऱ्या शाखेत नव्हे, दुसऱ्या बँकेत ठेवावी. ‘अनामत’ असेल तर ती केव्हा, किती दिवसांत आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. ‘इसार’ असेल तर जप्तीची अट वाचूनच सही करावी. आणि पावतीवर फक्त ‘डिपॉझिट’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते कशाचे, हा प्रश्न पैसे हातात असतानाच विचारावा.