शाप कुणाचा, भोग कुणाला?

'वूडू' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? टाचण्या खुपसलेली बाहुली, नाहीतर भयपटातला कवटीवाला मांत्रिक. सिनेमांनी जगाला एवढंच दाखवलं. खरं तर 'व्होदून' हा पश्चिम आफ्रिकेतला जुना धर्म आहे. बेनिन, टोगो, घाना या एकमेकांना लागून असलेल्या देशांत फॉन आणि एवे लोक तो आजही पाळतात. बेनिनमध्ये जानेवारीत त्याचा सण असतो, सरकारी सुट्टीसुद्धा. विजेचा देव वेगळा, देवीचा रोग आणणारा आणि तोच बरा करणारा सक्पाता वेगळा, दारापाशी राखण करणारा लेग्बा वेगळा. तेहतीस कोटींची सवय असलेल्या आपल्याला यात बिचकण्यासारखं काही नाही.

बिचकायला होतं ते बाजारात. टोगोची राजधानी लोमे, तिथे अकोदेसावा नावाचा बाजार आहे. टेबलांवर माकडांची डोकी, मगरीच्या कवट्या, सापांची कातडी, वाळवलेले रंग बदलणारे सरडे, पक्ष्यांचे सांगाडे, सगळं ओळीने मांडलेलं. लोक तिथे येतात ते औषधाच्या दुकानात यावं तसे. कुणाला मूल होत नाही, कुणाचा धंदा बसलाय, कुणाला वाटतं आपल्यावर करणी झालीय. वैदू देवाला कौल लावतो, प्राण्याचा भाग झाडपाल्याबरोबर जाळून काळी पूड करतो आणि अंगावर बारीक चिरा पाडून त्यात ती चोळतो. माणसाला जे हवं ते ज्या प्राण्यात दिसतं, त्या प्राण्याचा अंश अंगी लावायचा, असा सगळा हिशोब. साधा आहे, पण प्राण्यांना महाग पडतो. पश्चिम आफ्रिकेत गिधाडं कमी होत चालली, त्याचं एक मोठं कारण ही तोडग्यांसाठी होणारी शिकारच आहे.

पण हेच लोक अजगराला जिवापाड जपतात, हेही सांगायला हवं. बेनिनमधल्या विदा गावात अजगरांचं देऊळ आहे, आणि बरोब्बर समोर मोठं चर्च! हे अजगर लहान जातीचे, बिनविषारी. गावात फिरून उंदीर खातात. एखादा कुणाच्या घरात शिरला तर काठी घेऊन धावत नाहीत, अलगद उचलून देवळात आणून सोडतात. जुन्या काळी राजा शत्रूपासून रानात लपला होता, तेव्हा अजगरांनी त्याला वाचवलं अशी कथा सांगतात.

आणि एक गंमत. या धर्मात 'मामी वाटा' ही पाण्याची देवी फार लाडकी. तिचं जे चित्र तिकडे घरोघरी गेलं, ते मूळचं जर्मनीत छापलेलं, अंगाखांद्यावर साप घेतलेल्या एका गारुडिणीचं. १९५५ साली ते आपल्या मुंबईतल्या एका कॅलेंडर कंपनीने पुन्हा छापलं आणि बारा हजार प्रती घानाला गेल्या. तिथल्या डेन्सू या तीन डोक्यांच्या जलदेवतेसाठी तर चक्क आपल्या दत्तगुरूंची तसबीर देव्हाऱ्यात ठेवतात. तेव्हा 'ते' आणि 'आपण' असं म्हणताना जरा जपूनच.

आता शापाकडे येते. फॉन लोकांत 'बोचिओ' नावाच्या लाकडी मूर्ती असतात. दोऱ्या, कवड्या, हाडं यांनी करकचून बांधलेल्या. कुणाचं वाईट करण्यासाठीही त्या वापरतात, पण पुष्कळशा राखणीच्याच. घरावर येणारं मरण माणसाला सोडून मूर्तीला धरील, हा विश्वास. इथवर ठीक आहे. लाकडाच्या मूर्तीने शाप अंगावर घेतला तर कुणाचं काय जातं?

पण मूर्तीच्या जागी मुलगी आली की?

घानातल्या एवे भागात 'त्रोकोसी' नावाची प्रथा आहे. घरात एकामागून एक माणसं दगावू लागली की कौल लावतात. कौल सांगतो, तुमच्या कुण्या आजोबा-पणजोबाने चोरी केली होती, देवाचा कोप आहे. मग तो फिटावा म्हणून घरातली एक कोवळी पोर देवस्थानाला द्यायची. तिने पुजाऱ्याच्या शेतात राबायचं आणि वयात आली की त्याच्या स्वाधीन व्हायचं. ती मेली किंवा पळाली तर घरच्यांनी दुसरी मुलगी द्यायची. पणजोबाच्या चोरीचा दंड पणतीच्या देहावर! ही देवाची सेवा आहे, मानाची गोष्ट आहे, असं तिचे पाठीराखे म्हणतात. देवदासींची कहाणी ठाऊक असलेल्या बाईला हा 'मान' समजावून सांगायला नको. आणि हा मान कधी मुलग्याच्या वाट्याला का येत नाही, हे मला कुणीतरी सांगावं.

घाना सरकारने १९९८ साली कायदा करून ही गुलामी गुन्हा ठरवली. निदान तीन वर्षांची कैद. पण कायद्याला शाप कुठे उतरवता येतो? मुलीला घरी आणलं आणि चार दिवसांत कुणी आजारी पडलं तर बोट तिच्याकडेच जाणार. म्हणून तिथल्या सामाजिक संस्थांनी पुजाऱ्यांशीच बोलणी केली. मुलीऐवजी गुरं किंवा पैसे घ्या, आणि तुम्हीच सगळ्यांसमोर विधी करून तिला मोकळं करा. हजारो बायका अशा सुटल्या.

नायजेरियातही असंच घडलं. तिथल्या बेनिन सिटीतून (हे शहर वेगळं, बेनिन देश वेगळा) मुलींना युरोपात देहविक्रयासाठी नेतात. निघण्याआधी मांत्रिकापुढे शपथ घ्यायला लावतात, केस-नखं काढून घेतात. कर्ज फेडलं नाहीस, तोंड उघडलंस तर मरशील. ही परंपरा व्होदून नव्हे, पण त्याच जातकुळीतली. पोलिसांपुढे या मुली गप्प. मार्च २०१८ मध्ये तिथल्या राजाने, ओबा एवुआरे दुसरे यांनी, मांत्रिकांना गोळा करून या साऱ्या शपथा रद्द केल्या आणि उलट मुली विकणाऱ्यांनाच शाप दिला!

'म्हणजे अंधश्रद्धेला अंधश्रद्धेनेच खतपाणी,' असं माझ्या विवेकवादी मैत्रिणी म्हणतील. मला ते पटत नाही. बचत गटाच्या कामात मुलांच्या शपथा घालून गप्प बसवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. 'असं काही नसतं गं' म्हणून त्यांच्यातली एकही बोलली नाही. आधी भीतीची गाठ सुटू दे, वाद नंतर घालू. फक्त गाठ सोडणाऱ्याने तिचे पैसे घेऊ नयेत आणि मारणाऱ्यावर खटला चालायलाच हवा. विधी झाला म्हणून पुजारी सुटला, हे चालणार नाही.

घानातल्या अडिडोमे गावात सुटून आलेल्या बायकांसाठी एका संस्थेने केंद्र काढलं. तिथे शिवण, बाटिक, साबण करणं शिकवतात. जिने बालपणापासून दुसऱ्याच्या शेतात फुकट राबून दिवस काढले, तिला आपल्या हातच्या साबणाची किंमत आधी स्वतःलाच ठरवावी लागते.