गुरे कोणाची, दंड कोणाला?

आमच्या पिशोरास एक तंटा दरवर्षी ठरलेला असतो. कोणाची तरी गुरे कोणाच्या तरी कोवळ्या मक्यात शिरतात आणि सकाळी चावडीपुढे बाचाबाची होते. कोंडवाड्याची योजना अशा तंट्यांसाठीच झाली. इंग्रजी मुलखात 1871 साली तिचा कायदाही झाला. त्यातील तत्त्व सोपे आहे. पीक खाल्ले गुरांनी, तर दंड भरावा गुरांच्या धन्याने. 'तू रात्रभर जागा का राहिला नाहीस?' असे पीकवाल्यास कोणी विचारीत नाही.

आम्ही मात्र नेमका हाच प्रश्न आमच्या घरात विचारला, हे येथे कबूल केले पाहिजे. गेल्या दिवाळीत आमची तेरा वर्षांची नात पिशोरास आली होती. ताटावर बसली की दोन घास चिवडून 'भूक नाही' म्हणून उठे. चौथ्या दिवशी सूनबाईंनी तिचा मोबाइल आमच्यापुढे धरला. उपाशी राहून देह काटकुळा कसा करावा, हे सांगणारी चलच्चित्रे त्यावर एकामागून एक सरकत होती. आयुष्यभर शाळेत घालविल्यामुळे दोष देण्याची सवय जिभेस जडलेली, आम्ही ताडकन् म्हणालो, "तुझे लक्ष कोठे होते?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तिने असले एकदाच शोधले होते. पुढचे तिने मागितलेच नाही. ते आपोआप येत राहिले."

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. लंडन येथील मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी 2017 साली स्वतःस इजा करून घेऊन गेली. तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने 2022 साली जो निष्कर्ष दिला, त्यात समाजमाध्यमांवरील मजकुराचा तिच्या मृत्यूस किरकोळाहून अधिक हातभार लागला असे म्हटले. आणि त्यातील काही मजकूर तिने न मागता यंत्रणेनेच निवडून तिच्यापुढे ठेवला होता, हेही नमूद केले. सूनबाईंनी स्वयंपाकघरात सांगितली ती गोष्ट आणि ही गोष्ट एकच नव्हे काय?

कंपन्यांचे म्हणणे असे की, आम्ही केवळ फलक उभा केला; त्यावर कोण काय चिकटवितो त्यास आम्ही कसे जबाबदार? आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याचे 79 वे कलम अशा मध्यस्थांस काही अटींवर संरक्षण देते. या युक्तिवादाचा विचार आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने फार पूर्वी करून ठेवला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात गुरांचा धनी व गुराखी यांच्या वादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वाटेकडेच्या शेतात गुरे नकळत शिरली, तर दोष नाही, असे ती म्हणते. परंतु जाणूनबुजून चारली, तर चोराचा दंड. म्हणजे कुंपण होते की नव्हते, एवढ्यावर निवाडा होत नाही. गुरे चुकून शिरली की कोणी हाकून घातली, हे पाहावे लागते.

आता पाहा. मूल कोणत्या चित्रावर किती क्षण थबकले, हे कंपनीची यंत्रणा मोजते व त्यावरून पुढचे चित्र निवडते. मूल जितका वेळ खिळून राहील तितक्या जाहिराती अधिक आणि पैसाही अधिक. यास गुरे चुकली कसे म्हणावे? ती हाकलेली आहेत.

कुंपण घालण्याचे कर्तव्य आमचे नाही, असे मुळीच नव्हे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. तो अनुकरणीयच आहे. परंतु भोंगा गावाने वाजवावा, जागरण आईने करावे आणि नफा मात्र धन्याने मोजावा, ही वाटणी न्यायाची नव्हे. ऑस्ट्रेलियाने ती बदलली. सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याचा तेथील कायदा 10 डिसेंबर 2025 पासून अमलात आला. त्यात कंपनीस 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत दंड आहे; आईबापांस वा मुलांस काही नाही. आपल्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही मुलांचा माग काढणे व त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती यांस मनाई केली असून दंड 200 कोटी रुपयांपर्यंत ठेवला आहे. ही कलमे लागू होण्यास नोव्हेंबर 2025 पासून अठरा महिन्यांची मुदत आहे. परंतु हा कायदा माहितीच्या रक्षणाचा. मुलाच्या मनास झालेल्या इजेची भरपाई कोणी द्यावी, हे त्यात नाही. ते कलम मागणे आपणा पालकांचे काम आहे.

असो. सूनबाईंची क्षमा आम्ही मागितली आहे. नात डॉक्टरांच्या सल्ल्याने सावरत आहे. संक्रांतीस तिने अर्धी गुळपोळी आपण होऊन मागून घेतली. ज्या घरी अशी ताटे न खाता उठत असतील, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाच्या आईस दोष देण्यापूर्वी गुरे कोणाची आहेत, हे आधी विचारावे.