फुकटचे हात आणि कारागिराचें पोट

कोठें महापूर आला किंवा धरणी हादरली कीं कॉलेजांतून विद्यार्थ्यांचीं पथकें निघतात. हातांत नवीं कोरीं फावडीं, छातीवर बिल्ला, आणि परत येतांना फोटो. कांहीं लोक ह्या पथकांची आरती करतात, कांहीं टवाळी करतात. आम्हांस दोन्ही पसंत नाहीं. पुस्तकांत मान घालून बसलेल्या पोरानें आठ दिवस परक्याच्या घरांतला चिखल उपसला तर त्यांत त्याचेंही हित आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. चिखल उपसून झाल्यावर भिंत कोणी उभारावयाची, आणि तिची मजुरी कोणाच्या पदरांत पडावयाची? अमेरिकेंतील एका शहराची हकीकत ह्या बाबतींत फार बोलकी आहे.

न्यू ऑर्लिन्स हें शहर मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ, बरेंचसें समुद्रसपाटीच्याही खालीं वसलेलें. २९ ऑगस्ट २००५ रोजीं तेथें कत्रिना नांवाचें चक्रीवादळ आलें. नुसतें वादळच असतें तर लोक पत्रे ठोकून कामाला लागले असते. पण लष्कराच्या इंजिनियर खात्यानें बांधलेले बांध फुटले आणि शहराचा सुमारें ८० टक्के भाग पाण्याखालीं गेला. ह्या वादळाच्या बळींचा आंकडा २०२३ सालीं सरकारी हवामान खात्यानें पुन्हां तपासला, तो १,३९२ भरला. लोअर नाइन्थ वॉर्ड ह्या वस्तीची तर धूळधाण झाली. तेथें बहुतेक काळे लोक राहत, आणि निम्म्याहून अधिक कुटुंबांचीं घरें स्वतःच्या मालकीचीं होतीं. काळ्यांची गुलामगिरी नाहींशी करण्यास झटणाऱ्या अमेरिकन लोकांस जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें होतें. त्या मुक्त झालेल्या गुलामांचीं हीं नातवंडें-पणतवंडें. ह्या शहरांतील जुन्या घरांचा गिलावा, विटकाम, लोखंडकाम ह्यांत काळ्या कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मार्च २००६ मध्यें कॉलेजांना वसंत ऋतूची सुटी लागली. एरव्हीं त्या सुटींत समुद्रकांठीं मौज करणारीं हजारों पोरें ह्या वेळीं न्यू ऑर्लिन्सला उतरलीं. कोणी चर्चच्या पथकांतून आलीं, कोणी कॉलेजच्या. मलिक रहीम ह्या तेथल्याच काळ्या गृहस्थानें सोबती मिळवून ‘कॉमन ग्राउंड’ नांवाची संस्था वादळानंतर लागलीच काढली होती, तिच्याकडे कितीतरी आलीं. दान द्यावयाचें नाहीं, साथ द्यावयाची, असा तिचा बाणा. पोरें ओस पडलेल्या शाळेंत झोपत आणि सकाळीं तोंडाला पट्टी, पायांत रबरी बूट चढवून निघत. काम कसलें म्हणाल? महिनोन्‌महिने सडलेल्या अन्नाचे फ्रीज चिकटपट्टीनें बांधून न उघडतां बाहेर काढावयाचे. फुगलेल्या गाद्या, कपाटें, पेट्या रस्त्यावर आणावयाच्या. मग बुरशीनें काळे पडलेले भिंतींचे जिप्समचे तक्ते पहारीनें ओढावयाचे, खिळा न्‌ खिळा उपटावयाचा. शेवटीं घराचा लांकडी सांगाडा तेवढा उरे.

ह्याच कामास ठेकेदार हजारों डॉलर मागत. आणि नगरपालिकेनें ठराव केला होता कीं, २९ ऑगस्ट २००६ पर्यंत जें घर साफ होणार नाहीं त्यावर सरकार हात घालील. मालक बिचारे शेंकडों मैल दूर ह्यूस्टन-अटलांटाकडे भाड्याच्या खोल्यांत पडलेले! त्यापूर्वींच, जानेवारींत, एका समितीचा नकाशा छापून आला होता. सखल वस्त्यांवर हिरवे ठिपके. येथें पुढें बागा व्हावयाच्या. गरिबाचें घर बुडालें कीं मोठ्यांना तेथें बाग दिसूं लागते! अशा वेळीं साफ केलेलें घर म्हणजे मालक जिवंत आहे, परत येणार आहे, ह्याची खूण. त्या पोरांनीं नुसता चिखल काढला नाहीं, हजारों लोकांचा आपल्या जागेवरचा हक्क राखण्यास हात लावला. म्हणून नुसते पैसे पाठवा, पोरें घरीं ठेवा, असें म्हणणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं.

पण येथून पुढची गोष्ट कडू आहे. सरकारी पैशाच्या बांधकामावर त्या भागांतील चालू दरापेक्षां कमी मजुरी देऊं नये, असा अमेरिकेंत १९३१ पासून कायदा आहे. वादळानंतर दहाव्या दिवशीं, ८ सप्टेंबर २००५ रोजीं, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं वादळग्रस्त मुलुखापुरता तो तहकूब केला. प्रेतें अजून सांपडत होतीं आणि गवंड्याच्या मजुरीवर कात्री! फार ओरड झाली तेव्हां ८ नोव्हेंबरपासून तो पुन्हां लागू झाला.

आपल्या लोकांनाही ह्याची झळ लागली. २००६-०७ मध्यें सिग्नल इंटरनॅशनल ह्या कंपनीनें मिसिसिपी व टेक्सासमधील गोद्यांच्या कामासाठीं सुमारें ५०० हिंदी वेल्डर व पाइपफिटर नेले. कायमच्या वास्तव्याच्या आशेनें माणशीं दहा ते वीस हजार डॉलर दलालांना देऊन हे गेले. एकेका खोलींत चोवीस जण कोंबले, आणि त्या खाटेचें भाडें म्हणून महिन्याला १,०५० डॉलर पगारांतून कापले. २००८ सालीं ते काम टाकून बाहेर पडले. २०१५ च्या फेब्रुवारींत न्यू ऑर्लिन्सच्याच ज्यूरीनें त्यांपैकीं पांच जणांना सुमारें १ कोटी ४० लाख डॉलर देवविले. एकाच किनाऱ्यावर फुकट राबणाऱ्या पोराचें कौतुक आणि पोटासाठीं राबणाऱ्याची ही दशा. पोरांचा त्यांत दोष नाहीं. दोष आहे तो, फुकटचे हात मिळतात म्हणून कारागिराचा दाम विसरणाऱ्यांचा.

आणि हीं साफ झालेलीं घरें? सरकारनें मदत दिली, पण घराची जुनी किंमत आणि दुरुस्तीचा खर्च ह्यांत जो आंकडा लहान तो धरून. काळ्यांच्या वस्तींत तेंच घर कमी किंमतीचें. म्हणून छपराचा खर्च तितकाच असूनही हातीं पैसा थोडा. लोक कोर्टांत गेले, २०११ सालीं तडजोड झाली, पण तोंवर सांगाडे पावसांत उभेच. लोअर नाइन्थ वॉर्डांत २००० सालीं सुमारें १४ हजार वस्ती होती. २०१० च्या शिरगणतींत ती ३ हजारांच्या आंत आली. पुढें प्रसिद्ध नट ब्रॅड पिट यांच्या संस्थेनें तेथें १०९ नव्या तऱ्हेचीं घरें बांधलीं. त्यांतल्या कित्येक घरांचीं लांकडें कुजलीं, छपरें गळूं लागलीं, आणि २०१८ सालीं रहिवाशांनीं दावा लावला. तिकडच्या पावसांत कोणतें छप्पर टिकतें, हें जुन्या सुतारानें चहा पितां पितां सांगितलें असतें.

तेव्हां तुमचा मुलगा किंवा मुलगी असल्या सफरीसाठीं कॉलेजचा कागद सहीला आणील, तर सही जरूर करा. पण आधीं विचारा, तिकडे बोलावलें कोणी? घरमालकानें कीं पुढाऱ्यानें? ज्याचें घर त्याला विचारल्याशिवाय एक चमचाही बाहेर फेकूं नये. आपल्याला जो कचरा दिसतो त्यांत त्या म्हातारीच्या लग्नाचा फोटो असतो. उपसणें, वाहणें, धुणें, खिळे काढणें हें पोरांनीं करावें, अगदीं कंबर मोडेपर्यंत करावें. भिंत, छप्पर, विजेच्या तारा ह्यांस तिकडचाच कारागीर रोजावर लावावा आणि पोरांनीं त्याच्या हाताखालीं बिगारी म्हणून राबावें. त्याच्या रोजाचा पैसा सफरीच्या खर्चांतच धरावा. आठ दिवसांची धांवती भेट देण्यापेक्षां एकच गल्ली धरून दरवर्षीं तेथेंच जावें हें बरें. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठांत स्थापत्याचे विद्यार्थी वादळानंतर शिक्षकांच्या नजरेखालीं वर्षाला एक घर बांधूं लागले. वर्षाला एकच, पण राहण्याजोगें. ज्या कॉलेजास एवढा बंदोबस्त जमत नसेल त्यानें पोरांचें गाडीभाडें मनिऑर्डरीनें तिकडच्या गवंड्याकडे धाडावें.