जुन्या संगणकाचा निवाडा कोणी करावयाचा?

जासईवरून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरची रांग रात्रंदिवस तुटत नाही. एकेकाळी जेथे भातखाचरे व मिठागरे होती, त्या भूमीवर हा सारा व्यापार उभा आहे. त्या भूमीचा भाव सरकारने एकतर्फी ठरवावा, हे येथील शेतकऱ्यांनी मानले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले आणि त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली बंदर सुरू झाले. आज त्या बंदरातून येणाऱ्या मालात संगणक असतात. नवे, आणि भंगाराच्या नावाखाली जुनेही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या. १४ तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली आणि जगभरातील कोट्यवधी चालते संगणक कालबाह्य ठरविले. त्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेवा येथे अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराआड दडवून आणलेले सतरा हजारांवर जुने लॅपटॉप पकडले. अशा चोरट्या आयातीचे समर्थन कोणीही करणार नाही. श्रीमंत देशांचा विषारी कचरा गरीब देशांच्या उंबरठ्यावर टाकण्याचाच तो एक मार्ग आहे. परंतु हा माल जोखीम पत्करून आणणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती ही की, टाकून दिलेल्या यंत्रात अजून जीव असतो व त्याला गिऱ्हाईकही असते. कंपनीचा निवाडा एक आणि बाजाराचा निवाडा दुसरा, असा हा प्रकार आहे.

गावचे वाचनालय, पतसंस्था, युनियनचे कार्यालय अशा ठिकाणी आठ-दहा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी देणगीतून आलेला संगणक असतो. सकाळी बटण दाबल्यावर चहा येऊन जाईपर्यंत तो जागा होत नाही. सातबारा पाहावयाचा, अर्ज भरावयाचा, पत्रक जुळवावयाचे, सभासदांची यादी छापावयाची, एवढेच त्याचे काम. दुकानदाराला विचारावे तर तो एका वाक्यात निकाल देतो: "हा गेला, नवा घ्या." दुकानदाराकडून दुसऱ्या उत्तराची अपेक्षा तरी कशी करावी?

वस्तुतः असा संगणक बहुधा एकाच जागी अडलेला असतो. त्याची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी आणि तीवर सरकणारी सुई. प्रत्येक लहानसहान मजकुरासाठी सुईला जागा शोधावी लागते आणि प्रोसेसर तोवर हात बांधून बसतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिले असता डिस्कचा रकाना सतत शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा मात्र दहा-वीसवर दिसला, तर रोग कोठे आहे हे कळते. तबकडीच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसविली आणि चार जीबीची रॅम आठ जीबी केली, की तेच यंत्र कार्यालयीन कामापुरते पुन्हा चालू लागते. जोडणीची तार बहुधा तीच चालते. काम अर्ध्या तासाचे असते. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव चढले आहेत हे खरे. तथापि त्यामुळे नवा संगणकही महागच झाला आहे.

विंडोज ११ चे प्रकरण वेगळे आहे. या प्रणालीला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ती पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे त्या वर्षाच्या प्रारंभी कोणी घेतलेला सर्वांत महागडा संगणकदेखील २०२१ साली, अवघ्या चार वर्षांत, नव्या प्रणालीच्या दाराबाहेर उभा राहिला. सुरक्षेचे कारण खोटे आहे असे नाही. ज्या संगणकावर ठेवीदारांचे हिशेब आहेत, तो दुरुस्ती बंद झालेल्या प्रणालीवर चालविणे हा बेजबाबदारपणाच होय. पण संस्थांना मुदतवाढ हवी असल्यास कंपनीने त्याचा दर प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा ठेवला. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. जुन्या यंत्राचे स्वतःचे मोलही तेवढे नसते.

यावर मोफत उपाय आहे तो लिनक्सचा. केरळने आपल्या शाळांतील संगणक केव्हाच मुक्त प्रणालीवर नेले. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी मात्र हा बदल करण्यापूर्वी आपल्याच कपाटात डोकावले पाहिजे. वीस वर्षांची पत्रके, ठराव, इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसाच्यांत टंकित केलेली असतात. तो अक्षरसाचा नसलेल्या संगणकावर ती उघडली की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची पाने दिसतात. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, छपाईयंत्र नव्या प्रणालीशी जुळते का ते पाहावे आणि मगच जुनी प्रणाली पुसावी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि नेमके म्हणूनच ते कोणी करीत नाही.

येथे एका जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६० च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील संगणकाला विरोध केला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी करार करून संगणकीकरणाला मर्यादा घातल्या. पुढे त्या विरोधाची पुष्कळ टवाळी झाली, आणि त्यातील काही अंश टवाळीस पात्रही होता. तरीही यंत्र केव्हा यावे आणि कोणत्या गतीने यावे हे ज्यांना त्याच्याबरोबर काम करावयाचे त्यांना विचारले जावे, ही मूळ मागणी चुकीची नव्हती. आज यंत्र केव्हा जावे याबाबत तीच मागणी करावी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. परंतु ग्राहकाला सक्तीने बजावता येईल असा कायदा त्यामागे उभा राहिलेला नाही.

अर्थात प्रत्येक जुने यंत्र जगविण्याचा हट्टही धरू नये. कोअर टू ड्युओच्या काळातील संगणक, मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर, वारंवार जळणारा वीजपुरवठ्याचा डबा अशा ठिकाणी पैसे घालणे म्हणजे संस्थेचा निधी वाया घालविणे होय. शंका असेल तेथे एसएसडी तेवढी घ्यावी. यंत्र उद्या बंद पडले तरी ती दुसऱ्यात बसते. पण टाकण्यापूर्वी त्याची घडण आठवावी. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासानुसार त्या काळचा एक संगणक व त्याचा पडदा बनविण्यास २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत असे. आणि २०२२ साली जगात निघालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील कितीतरी मुरादाबाद व सीलमपूरच्या गल्ल्यांत मजुरांनी उघड्या हातांनी, आम्ल आणि आगीच्या साहाय्याने फोडला.

म्हणून मेलेला संगणक दारावरच्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात पोहोचवावा. देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून घेण्यास विसरू नये. सभासदांची नावे, पत्ते आणि वर्गणीचा हिशेब तिच्यावर असतो.