तिचं पाणी मी कमी केलं, तेव्हा



आजचा विषय आपण चारचौघींत काढत नाही. जागेपणी, दिवसा मुलाची चड्डी ओली होणं. सुनेला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा आई, कुणाला तरी उपयोग होईल."

दशलक्षण पर्वात सात वर्षांच्या नातीला घेऊन प्रवचनाला बसले होते. ती सारखी चुळबुळ करायची, मध्येच टाचेवर दाबून बसायची. मी डोळे वटारले. थोड्या वेळानं सतरंजी ओली झाली. मागून आवाज आला, "एवढी मोठी झाली तरी?" घरी येऊन मी तिला खूप बोलले, मंदिराचं पावित्र्य सांगितलं आणि वर तिचं पाणी कमी केलं. पंधरा दिवसांत त्रास वाढला. पाठशाळेचं नाव काढलं की ती रडायला लागायची.

सुनेनं माझं न ऐकता बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. मीही गेले. डॉक्टरांनी लघवीच्या आधी शौचाचं विचारलं. नात तीन-तीन दिवस शौचाला जात नव्हती आणि घरात कुणाला ते धड माहीत नव्हतं. मळ साठला की तो मूत्राशयावर दाबतो. शिवाय शाळेतलं स्वच्छतागृह घाण, म्हणून ती सकाळपासून लघवी रोखून धरायची. टाचेवर बसणं हा चाळा नव्हता, लघवी थोपवायची धडपड होती. पाणी तोडल्यानं बद्धकोष्ठता वाढते आणि दाट लघवीनं मूत्राशय आणखी चिडतं. म्हणजे माझा उपायच अपाय ठरला.

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झाली. शौच मऊ होण्याचं औषध मिळालं. दर दोन-अडीच तासांनी, लागो न लागो, लघवीला जायचं. पायाखाली पाट घेऊन सावकाश बसायचं. किती पाणी प्यायली, कधी गेली, कधी ओलं झालं, हे वहीत लिहायचं. जमाखर्चाची सवय असल्यानं ती वही मी सांभाळली. आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणी नाही, तेव्हा दिवसाचं पाणी दिवसाच पोटात जायला हवं. शाळेत बाईंना चिठ्ठी दिली, की ती मागेल तेव्हा जाऊ द्या. फरक पडायला काही महिने लागले, पण पडला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. पाच वर्षांनंतरही दिवसा ओलं होत असेल, तर "मोठी झाली की थांबेल" म्हणत बसू नका. बऱ्याच दिवसांपासून कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं करू लागलं, जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल, तहान फार लागत असेल, धार बारीक असेल, सतत थेंब थेंब गळत असेल किंवा पायांत अशक्तपणा वाटत असेल, तर वयाचा हिशेब न करता लगेच दाखवा.

कुणी म्हणेल, कर्माचा उदय. असेल. पण म्हणून पुरुषार्थ सोडा, असं आपला धर्म सांगत नाही. मुनिमहाराजांना बरं नसलं की वैद्यांना विचारून आहारात औषध देतोच ना आपण? मग मुलाच्या बाबतीत लाज कसली? चार दानांत औषधदान आहे, तसं अभयदानही आहे. ओल्या चड्डीनं घरी येणाऱ्या लेकराला आधी अभय हवं, मग औषध.

त्या वर्षी क्षमावाणीला मी गावभर हात जोडून क्षमा मागत फिरले. घरातल्या त्या चिमुरडीची मागायची राहिली. डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात मागितली. ती म्हणाली, "आजी, आता पाणी पिऊ ना?"