‘वी’ म्हणजे नेमके कोण?



‘लेट्स स्टार्ट’, ‘लेट्स मीट’, ‘वी आर प्लॅनिंग’ ही वाक्ये आपल्या मराठी संभाषणात आता सहज मिसळली आहेत. परभाषेतील शब्द आल्याने भाषा बाटते, असे माझे मत नाही; टेबल, स्टेशन, तिकीट हे शब्द मराठीने केव्हाच पचवले. प्रश्न शब्दांचा नसून सामूहिक संकल्प व्यक्त करताना हरवणाऱ्या अर्थाचा आहे.

इंग्रजीतील ‘वी’ या एकाच सर्वनामासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे. प्रमाण हिंदीत मात्र ‘हम’ दोन्ही अर्थांनी चालते. मराठीत हा भेद क्रियापदापर्यंत पोहोचतो. ‘आपण जाऊ या’ हे वाक्य स्वाभाविक वाटते, ‘आम्ही जाऊ या’ मात्र कानाला खटकते. उलट इंग्रजीतील ‘लेट अस गो’चा अर्थ संदर्भानुसार ‘आपण जाऊ या’ असाही होतो आणि ‘आम्हांला जाऊ द्या’ असाही.

‘लेट्स’ हे संक्षिप्त रूप बहुधा ‘आपण’चाच अर्थ देते, त्यामुळे ते फारसे घातक नाही. ‘वी’ची गोष्ट वेगळी आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पदाधिकारी म्हणतात, ‘वी हॅव डिसाइडेड’. निर्णय कोणी घेतला? समितीने की सर्व सभासदांनी? मराठीत बोलताना वक्त्याला निवड करावीच लागते. ‘आम्ही ठरवले’ म्हटले, तर ‘आम्हांला का विचारले नाही?’ असे सभासद विचारतील. ‘आपण ठरवले’ म्हटले, तर ‘कधी?’ असे विचारतील. ‘वी’च्या आडोशाला हे दोन्ही प्रश्न टळतात.

‘आपण’ही निर्दोष नाही, हा आक्षेप रास्त आहे. आदरार्थी ‘तुम्ही’साठी आणि कधी ‘मी’साठीही ते वापरले जाते, कोणाला न विचारता घेतलेल्या निर्णयावर ‘आपण’चे पांघरूण घालणारे वक्तेही आहेत. परंतु खोटे ‘आपण’ श्रोत्याला पकडता येते, कारण त्यात तो स्वतः गोवला गेलेला असतो.

म्हणून इंग्रजी टाळण्याची प्रतिज्ञा करू नका. मात्र अनेकांच्या वतीने बोलताना क्षणभर थांबून स्वतःला विचारा : मला ‘आम्ही’ म्हणायचे आहे की ‘आपण’? उत्तर सापडत नसेल, तर तो निर्णय अजून सर्वांचा झालेला नाही, असे समजावे.