नाकाला लाखाचा भाव, तोंडात कोण बघतंय?

आज जरा कडू लिहिणार आहे. कुणाला लागलं तर लागू दे, पण वाचा शेवटपर्यंत.

आपल्या माण-खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ पट्ट्यात मेंढराचा बाजार दोन गोष्टींवर चालतो. मेंढा असला तर नाक. मेंढी असली तर पुढचे दात. संपलं. २०२० च्या शेवटी आटपाडी तालुक्यातल्या एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाखाची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगितले, ही बातमी देशभर गाजली. त्या मेंढ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, जातिवंतच असणार. पण त्यानंतर जो तो पोपटासारखं बाकदार नाक शोधत सुटला. नर घ्यायला आलेला माणूस नाक बघतो, कान बघतो, उंची बघतो, अंगावरचे तांबूस ठिपके बघतो. खालचा ओठ खाली करून जबडा जुळतो का बघणारे मी बाजारात बोटावर मोजण्याइतके बघितलेत.

अहो, मेंढी जगते कशावर? नाकावर नाही, तोंडावर.

आता थोडं शाळेतलं. मेंढीच्या पुढच्या बाजूला वर दात नसतातच, तिथं कडक गादी असते. खाली ८ दात. त्या दातांनी गवत गादीवर दाबायचं आणि मान हिसडून तोडायचं. मागं वर-खाली, दोन्ही बाजूंनी सहा-सहा, अशा एकूण २४ दाढा. सगळे मिळून ३२. पुढच्या दातांचं काम फक्त तोडायचं. खरं दळण दाढांचं. मेंढी दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते ते दाढांवर. म्हणजे जातं मागं आहे, आणि आपण भाव ठरवतोय दाराकडं बघून.

आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेली, ही मोजणी चुकीची नाही. सव्वा-दीड वर्षाला पहिली जोडी बदलते आणि साडेतीन-चार वर्षांपर्यंत मेंढी जुळते. तिथपर्यंत दात वय सांगतात. जुळल्यानंतर दातावरून वय सांगणं म्हणजे निव्वळ अंदाज. खरबरीत माळावर, मातीसकट खुरटं गवत ओरबाडणारी मेंढी लवकर झिजते. मेंढरांच्या पोटात चाऱ्याबरोबर जितकी माती जास्त तितके दात लवकर झिजतात, हे न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी कधीच दाखवून दिलंय. आपल्याकडं फेब्रुवारीनंतर माळावर गवत कमी आणि माती जास्त. त्यामुळं माणच्या माळावरची पाच वर्षांची मेंढी आणि कालव्याखाली हिरवा चारा खाणारी पाच वर्षांची मेंढी यांचं तोंड सारखं दिसणारच नाही. तरी व्यापारी दोघींना एकच फूटपट्टी लावतो, आणि माळावरचा माणूस मुकाट्यानं कमी पैसे घेऊन घरी येतो.

दुसरी गोष्ट. पुढचे दात पडले की "बोळकी झाली, काढून टाका" हा आपला ठरलेला निकाल. तो अर्धाच बरोबर आहे. जी मेंढी फक्त माळावर चरते, तिला खुरटं गवत तुटणार नाही, ती वाळणार. तिला वेळेत काढा, उन्हाळ्यात हाडं मोजायला ठेवू नका. पण जिला गव्हाणीत कुट्टी मिळते तिचं काय? दाढा शाबूत असतील तर ती बोळकी मेंढी अजून दोन वेत सहज देते. कडब्याची बारीक कुट्टी, हरभऱ्याचा किंवा तुरीचा भुसा, भिजवलेली पेंड, मक्याचा भरडा थोडा थोडा वाढवत, जोडीला शेवरी-सुबाभळीचा पाला. भरडा एकदम वाढवलात तर पोट बिघडून मेंढी जाईल, तेवढं सांभाळा. दूध देणारी, पिल्लू सांभाळणारी, माजावर नीट येणारी मेंढी चार दातांपायी मातीमोल विकायची आणि तिच्या दुप्पट पैसे घालून अनोळखी दोनदाती आणायची, हा कुठला हिशोब?

आणि याच्या उलटं जास्त वाईट. पुढचे आठही दात मोत्यासारखे, आणि मेंढी दिवसेंदिवस खंगत चाललेली. मग सुरू होतो बाटल्यांचा खेळ. आधी जंताचं औषध. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीचं जंताचं औषध. मग लिव्हर टॉनिक. मग कुणीतरी सांगतं म्हणून इंजेक्शन. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या एका मेंढीला दोन महिन्यांत तीन वेळा जंताचं औषध पाजलं होतं. मी नुसता गालावरून बाहेरून हात फिरवला, तर खालच्या जबड्याच्या हाडावर सुपारीएवढी गाठ. तिथं बोट दाबलं की मेंढी मान झटकायची. गालात हिरवा चोथा अडकलेला, तोंडाला घाण वास. दाढेच्या मुळाशी पू झालेला. तिथं जंताचं औषध काय करणार? फुकट पाजलेल्या औषधानं उलट जंतच निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

दाढा तपासायला डिग्री लागत नाही. मेंढी पायात धरा, दोन्ही हातांची बोटं दोन्ही गालांवरून वर-खाली फिरवा. एका बाजूला उंचवटा, खळगा, दुखरेपणा लागतोय का बघा. डावी-उजवी बाजू ताडून बघा. तोंडात मागं बोटं घालू नका, दाढांच्या कडा धारदार असतात, बोट कापतं. एवढं करूनही लक्षात येत नसेल तर रवंथ करताना बघत बसा: घास तोंडातून पडतोय का, एकाच बाजूनं चावते का, हनुवटीवर हिरवी लाळ वाळलीय का, लेंडीत लांब लांब काड्या दिसतात का. बस्स.

आणि प्रत्येक सुजेला एकच नाव देऊ नका:

जबड्याखाली मऊ सूज, दाबल्यावर खळगा पडतो, डोळ्याच्या आतली कातडी पांढरीफटक: हे जंत किंवा यकृतातल्या पर्णकृमीचं काम. इथं जंताचं औषध खरंच लागतं.

हाडाला चिकटलेली कडक गाठ: दाढ. डॉक्टरला दाखवा. पक्कड घेऊन घरी दात उपटायचा उद्योग नको, जबडा मोडतो.

ओठांवर खपल्या, पिल्लं दूध ओढत नाहीत: मावा. हा माणसाच्या हातालाही लागतो, उघड्या हातानं खपल्या काढू नका.

पावसाळ्यात किंवा त्याच्या मागोमाग ताप, ओठ-जीभ सुजलेली, लंगडणं: नीलजिव्हा. चिलटांमुळं पसरतो. लस वेळेत.

तोंडात फोड आणि खुरातही जखमा: लाळ्या खुरकूत.

वेड्या बाभळीच्या शेंगांबद्दल पण एक. थोड्या खाल्ल्या तर चांगलं खाद्य आहे. पण महिनोन् महिने त्याच शेंगांवर ठेवलेल्या शेळ्यांचे आणि गुरांचे जबड्याचे स्नायू लुळे पडल्याचं ब्राझीलमध्ये नोंदवलंय. दुष्काळात नुसत्या शेंगांवर कळप काढायचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता परत नाकाकडं, कारण माझा खरा राग तिथं आहे. जबडा वरखाली असणं हा दोष रक्तातून उतरतो. खालचे दात गादीच्या पुढं आले किंवा मागं पडले, तर ते पिल्लू आयुष्यभर अर्ध्या तोंडानं चरतं. शेळ्यांच्या काही बाकदार नाकाच्या जातींत बाक अति वाढवत नेला तेव्हा वरचा जबडा आखूड पडून खालचे दात बाहेर आलेले जगानं बघितलेत. माडग्याळीचं नाक ही आपली ओळख आहे, ती राहिलीच पाहिजे. पण नाकामागं धावताना जबड्याकडं डोळेझाक केली, तर पुढच्या पिढीला दिसायला राजा आणि खायला भिकारी अशी जनावरं सांभाळावी लागतील. एक मेंढा वर्षाला पंचवीस-तीस मेंढ्यांवर जातो. हिशोब तुम्हीच करा.

"आमच्या बापजाद्यांनी कधी असलं बघितलं नाही" असं म्हणणारे भेटतात. साफ खोटं. जुने धनगर घोंगडं टाकून बसायचे आणि पिल्लू मांडीवर घेऊन आधी तोंड उघडायचे. विसरलो आपण, ते नाही.

आणि साहेबलोकांनो, पशुधन पर्यवेक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी. महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट मिळतो. खरेदीच्या दिवशी टॅग तपासता, विमा तपासता. त्याच कागदावर दोन रकाने वाढवा: जबडा जुळतो का, दाढा शाबूत का. एका मेंढीला अर्धा मिनिट लागतो. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, चांगली गोष्ट आहे. पण पोटात दोन पिल्लं म्हणजे खाणं जास्त. दाढ किडलेल्या मेंढीच्या पोटात जुळी म्हणजे तिघांचा जीव टांगणीला. जुळी वाढवायची भाषा करता, तर आधी जातं तपासा.

आमच्याकडून मी एवढंच मागतो. वर्षातून दोनदा, मेंढ्यावर सोडण्याआधी आणि उन्हाळा लागायच्या आत, सगळ्या खांडाची तोंडं बघा. दोष असलेला नर कितीही देखणा असो, पैदाशीला ठेवू नका. आणि बाजारात कुणी नुसतं नाक दाखवून भाव सांगितला, तर त्याला म्हणा, "पाव्हणं, आधी तोंड उघडा."